नलूची पाठवणी

अक्षदाने वाचायला सुरुवात केली तेव्हा सुचित्राचं लक्ष नीटसं नव्हतं. दादरच्या त्या जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी दुपारी उजेड तिरपा येतो आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे चेहरे त्यात पुसून जातात. गेली कित्येक वर्षं ती हा लेखनाचा वर्ग घेत होती. गिरगावातल्या शाळेत मराठी शिकवत असताना सुरू केला होता आणि निवृत्तीनंतर आठवड्यात तेवढंच एक ठरलेलं काम उरलं होतं. लोक यायचे, वर्षभर लिहायचे, जायचे. वाचणाऱ्याचा आवाज कानावर पडत असताना मान कधी हलवायची हे तिच्या मानेला आपोआप कळायचं. अक्षदा वाचत होती ते कुणाच्या तरी लग्नाचं होतं. चाळीतलं घर, पाठवणीची वेळ, जिन्यात बायकांची रडारड. आणि मग अक्षदा म्हणाली, "ताई दारातून मागे फिरली. पदर सावरत, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारत ती मोरीत गेली आणि वाहता नळ बंद करून आली." सुचित्राची मान हलायची थांबली.

ती तिची गोष्ट होती. म्हणजे तिच्या बहिणीची, नलूची. दरवर्षी नव्या लोकांना ती ही गोष्ट सांगायची, साधारण तिसऱ्या-चौथ्या शनिवारी, लोक जरा सैलावले की. काळाचौकीची चाळ, नलूची पाठवणी, सगळे रडताहेत, आणि जिला सासरी जायचंय ती मुलगी पाणी वाया जातंय म्हणून मागे फिरते. "बघा," ती म्हणायची, "नलूला काय वाटत होतं हे मी एका शब्दानं सांगितलं नाही. फक्त नळ बंद केला." त्यावर वर्गात एक शांतता पसरायची. त्या शांततेची तिला सवय झाली होती, चांगल्या चहाची व्हावी तशी. बांगड्या वर सारण्याचं तिनेच कधीतरी मध्ये घातलं होतं. नलूने त्या खरंच सारल्या होत्या की नाही हे तिला आता सांगता आलं नसतं.

अक्षदाची गोष्ट तिथे संपली नाही. नळ थांबल्यावर घर एकदम शांत झालं, ती वाचत होती, आणि त्या शांततेत मला कळलं की उद्यापासून हा नळ मला बंद करावा लागणार आहे. तिने कागद मिटला. कुणीतरी हलकेच "वा" म्हणालं. मागच्या रांगेत प्रफुल्ल बसले होते. ते वाचनालयाचे चिटणीस. विमा कंपनीतून निवृत्त होऊन इथे रमलेले, नळाची गोष्ट अगणित वेळा ऐकलेले. त्यांनी सुचित्राकडे पाहिलं आणि लगेच नजर खिडकीकडे वळवली. ते नजर वळवणंच तिला जास्त लागलं. "चांगलं झालंय," ती म्हणाली. "पुढे कोण?" तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला. अक्षदा मात्र बसायच्या आधी म्हणाली, "मॅडम, दिवाळी अंकानं घेतलंय हे. कालच कळवलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सुचित्रानेही वाजवल्या.

रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. घरी जाताना ती राग शोधत होती, पिशवीत हात घालून किल्ली चाचपावी तसा. पण हाताला लागत होतं ते वेगळंच. ती शेवटची ओळ तिला कधीच सुचली नव्हती. इतकी वर्षं गोष्ट तिच्याजवळ होती, आणि त्या खोलीत मागे राहिलेली मुलगी तर तीच होती. तरी तिला ती मुलगी दिसली नव्हती आणि परळच्या कुठल्याशा टॉवरात राहणाऱ्या, विशीतल्या पोरीला दिसली.

त्या आठवड्यात तिने लिहायला बसून पाहिलं. कधीकाळी तिचा एक कवितासंग्रह निघाला होता. त्याबद्दल चार लोक चांगलं बोलले होते, आणि दुसऱ्याचं काय असं विचारणारेही होते. मग विचारणं थांबलं आणि लिहिणंही थांबलं, यातलं आधी कोणतं थांबलं ते तिला ठाऊक नव्हतं. चाळ पाडून तिथे उभ्या राहिलेल्या इमारतीत तिला वरच्या मजल्यावर घर मिळालं होतं. आईबाबा ते बघायला राहिले नाहीत. खिडकीतून खाली मंडपाचे बांबू बांधलेले दिसत होते, पोरं एकमेकांना हाका मारत होती, पण इतक्या उंचावर हाकांमधली नावं पोचत नव्हती, नुसता आवाज पोचत होता. ती कागद पुढे घेऊन बसली आणि एकेक आठवण काढून बघू लागली. आई सुरमई साफ करताना गुणगुणायची. ही आठवण वर्गात 'वास' या विषयाला वापरून झाली होती. बाबा गिरणी बंद झाल्यावरही पाळीच्या वेळेला उठून, अंघोळ करून, भांग पाडून दारात उभे राहायचे. ही 'सवय' या विषयाला. शेजारच्या शेवंताकाकूंचा पोपट, गच्चीवरची वाळवणं, बाबांचा शेवटचा खोकला. प्रत्येकीवर बोटांचे ठसे होते. सांगून सांगून त्या इतक्या गुळगुळीत झाल्या होत्या की हातात धरल्या तरी लागत नव्हत्या. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे आठवणीबरोबरच आठवत होतं. आणि आई? आई त्या सुरमईच्या मागे कुठेतरी होती, पाठमोरी. सुचित्राने डोळे मिटून आईचं तोंड आपल्याकडे वळवून बघितलं. वळलं नाही.

आपण सगळं वाटून टाकलं, तिच्या मनात आलं, आणि मग स्वतःचीच तिला चीड आली, कारण हेही वाक्य वर्गात शोभलं असतं.

बुधवारी प्रफुल्लांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही बोलणार नाही म्हणून मीच विषय काढतो. तो किस्सा तुमचा आहे. अंकाचे संपादक माझ्या ओळखीचे आहेत. अजून छपाईला गेलेलं नाही. एक शब्द टाकतो फक्त."

"काय सांगाल त्यांना?"

"हेच, की ही सुचित्राताईंची आठवण आहे. आम्ही सगळे साक्षीदार आहोत की."

"साक्षीदार तुम्ही माझ्या सांगण्याचे," ती म्हणाली.

प्रफुल्ल जरा गोंधळले. "म्हणजे?"

"काही नाही. शनिवारपर्यंत थांबा. मला नलूशी बोलायला हवं."

फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं, नलूशी बोलायचं असं आपण किती सहज म्हणालो. नलू गिरगावात राहायची, खोताच्या वाडीच्या मागच्या अंगाला. बसने फार लांब नव्हतं. सुचित्राची नोकरीच तिथली, नलूचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर, तरी मधल्या सुट्टीत ती कधी गेल्याचं आठवत नव्हतं. भांडण असं काही झालं नव्हतं. झालं असतं तर ते मिटवायला तरी भेटी झाल्या असत्या. नलू मुलांत, सासूच्या आजारपणात, नवऱ्याच्या, हितेंद्रच्या, छापखान्याच्या कटकटीत गुंतत गेली. सुचित्रा आईबाबांच्या औषधांत. मग दोघींचे फोन सणांपुरते राहिले, आणि त्यातही बोलायचं ते हवेबद्दल आणि गुडघ्यांबद्दल. वर्गातल्या लोकांना मात्र नलू माहीत होती. अनोळखी माणसं कधी रस्त्यात भेटून म्हणायची, "ती तुमची नळवाली बहीण, ती कुठे असते हो?" तेव्हा ती हसून म्हणायची, "गिरगावात." एवढंच तिला नक्की सांगता यायचं.

गुरुवारी दुपारी ती गेली. वाडीतल्या लाकडी घरांच्या सज्ज्यांत मेणबत्तीसारख्या पांढऱ्या कुंड्या रांगेने मांडल्या होत्या. एक म्हातारा ख्रिस्ती गृहस्थ बनियनवर खुर्ची टाकून बसला होता. त्याने तिला नीट न्याहाळलं आणि "नलूबाईकडे का?" असं विचारलं. तिने होय म्हटलं. "तुमी भैन ना? तोंड सारखा हाय," तो म्हणाला. आपला चेहरा अजून कुणासारखा तरी आहे, हे तिने खूप दिवसांत ऐकलं नव्हतं.

नलू जमिनीवर पाय पसरून तांदूळ निवडत बसली होती. थोरल्या बहिणीला दारात पाहून तिचा हात ताटातच राहिला. "काय झालं गो?" तिने आधी तेच विचारलं. न सांगता आलेल्या माणसाला विचारतात तसं.

"काही नाही. आले अशीच."

"अशीच तू येत नाहीस." पण ती उठली, पाणी दिलं, पंखा वाढवला. केस सगळे पांढरे झाले होते आणि ती ते लपवत नव्हती. चहा होईपर्यंत गुडघ्यांचं बोलणं झालं, थोरला मुलगा मयूर बंगळूरला गेला ते झालं, हितेंद्र दुपारी झोपायला म्हणून मित्राकडे जातात त्यावर हसणं झालं. मग सुचित्राने अक्षदाचं सांगितलं. सगळं नाही. एका मुलीने तुझ्या लग्नाची ती नळाची गोष्ट आपली म्हणून लिहिली, आता ती छापून येणार आहे, एवढंच.

"कसली नळाची गोष्ट?" नलूने विचारलं.

सुचित्राला आधी वाटलं ती थट्टा करते आहे. "अगं, पाठवणीला तू मागे फिरलीस, मोरीतला नळ बंद केलास. मी वर्गात सांगते ती."

"तू वर्गात सांगतेस?" नलूने तांदळातून एक खडा काढून बाजूला ठेवला. "काय सांगतेस?"

आणि मग सुचित्राला ती गोष्ट नलूला सांगावी लागली. नेहमीची वाक्यं नेहमीच्या क्रमाने आली, पण या खोलीत ती कुठेच बसेनात. बांगड्यांपाशी आल्यावर नलू म्हणाली, "बांगड्या कशा वर सारणार? चुडा भरलेला होता मनगटापासून." सुचित्रा ते सोडून पुढे गेली. शेवट आला. नेहमीची शांतता पसरली नाही. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

"नळ मी बंद केला, ते बरोबर," नलू सावकाश म्हणाली. "पण मी काय नळासाठी मागे आले होते?"

"मग?"

"तुला बघायला आले होते. सगळे जिन्यात. आई, आत्या, शेवंताकाकू. तू नाही. मला वाटलं, ताई भेटल्याशिवाय कशी जाऊ. तू कुठं होतीस तेव्हा?"

"दारात," सुचित्रा म्हणाली. ते चित्र तिला स्पष्ट दिसत होतं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी आहे आणि नलूची पाठ मोरीकडे जाते आहे.

"दारात नव्हतीस. मोरीत होतीस. नळ सोडून बसली होतीस खाली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून." नलूने तिच्याकडे पाहिलं. "ताई, तुला आठवत नाही?"

तिला आठवत नव्हतं. किंवा, तिला त्या क्षणी काय होत होतं ते सांगणं कठीण होतं. कुठेतरी ओल्या सिमेंटचा गारवा होता आणि परकराचा भिजलेला काठ पोटऱ्यांना चिकटलेला होता. पण तो तेव्हाचा होता, की नलूने 'मोरीत' म्हटल्याबरोबर तिच्या सरावलेल्या मनाने लागलीच मांडून दाखवलेला? इतकी वर्षं ती लोकांना सांगत आली होती, स्वतःबद्दल लिहा. आणि त्या खोलीतून तिने स्वतःला इतक्या सफाईने उचलून दारात नेऊन उभं केलं होतं की मोरीत ओलसुद्धा राहिली नव्हती. जी रडत होती ती काढून टाकली होती. उरला होता तो नळ.

"मी नळ बंद केला," नलू सांगत होती, आणि आता तिचा आवाज बारीक झाला होता, "तर तू वर बघितलंस. तोंड सगळं सुजलेलं. मला वाटलं आता काहीतरी बोलशील, मोठी बहीण बोलते तसं. नीट राहा, सासूला दुखवू नकोस. तर तू म्हणालीस, 'आता मी पाय खंय टाकू गो?'"

चाळीत दोघींना मिळून एक गादी होती. दोघी एकमेकींच्या उलट्या दिशेला डोकं करून झोपायच्या आणि थंडीत एकीचे पाय दुसरीच्या पोटाशी असायचे. नलूचे तळवे नेहमी गरम असत. हे तिला आठवत होतं. हे तिने कुणालाच, कुठल्याच विषयाला सांगितलं नव्हतं.

"मला इतकं हसू आलं," नलू म्हणाली. "रडता रडता हसू. टॅक्सीत ह्यांनी विचारलंसुद्धा, काय झालं म्हणून. मग आमच्या घरात ते वाक्यच झालं. मयूर लहान असताना माझ्या अंगावर पाय टाकून झोपायचा, तर मी त्याला म्हणायची, तुझी मावशी विचारते, पाय खंय टाकू. तुला कधी बोलले नाही?"

"नाही."

"राहिलं असेल." नलूने ताट पुन्हा मांडीवर ओढलं. बराच वेळ ती निवडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "तू सगळ्यांना सांगतेस मी किती संसारी. मला एकदा विचारायचंस तरी. मी काय, पलीकडेच होते."

सुचित्रा अंधार पडायच्या आत निघाली. जेवून जा, नलू म्हणाली, आणि ती नको म्हणाली, आणि जिना उतरताना आपण नको का म्हणालो ते तिला कळेना. बस लालबागला रेंगाळली. मूर्तीच्या कारखान्यापाशी पांढऱ्या मातीचे हात ओळीने वाळत ठेवले होते, अजून कुठल्याच देहाला न जोडलेले. तिने ते पाहिले आणि पहिल्यांदाच त्यांचं वर्गासाठी काही करावंसं वाटलं नाही. ती ते वाक्य मनात धरून बसली होती. घरात सगळे असंच मालवणीत बोलायचे, तिने मात्र शाळेत असतानाच ती बोली सोडली. तिच्या संग्रहातल्या एकाही कवितेत 'कुठे'च्या जागी 'खंय' नव्हतं. त्या कवितांमध्ये कुणी पाय टाकायला जागा शोधत नव्हतं. तिथे होत्या संध्याकाळी, क्षितिजं, आणि एक 'तू', जो कोण हे तिलाही ठाऊक नव्हतं.

शनिवारी अक्षदा वर्गाच्या आधीच जिन्यात उभी होती. तिची झोप झाली नसावी. "मॅडम, प्रफुल्लसर काल बोलले," ती म्हणाली. "मी मागे घेते. मेल लिहून ठेवलाय, फक्त सेंड करायचाय."

"चोरायची होती का तुला?"

"नाही हो." तिने जिन्याच्या कठड्यावर नख ओढलं. "तुम्ही सांगितली ना, तेव्हा मी घरी जाऊन रडले. आमच्या घरी कुणीच नसतं. मम्मी-पप्पा दोघं रात्री येतात. मला बहीण नाहीये, मॅडम. मला वाटायला लागलं, असती तर अशीच गेली असती. मग लिहिताना ते माझंच झालं. खरं सांगते, वाचायला उभी राहिले तेव्हाच आठवलं की तुम्ही समोर आहात."

सुचित्राने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते ती ओळखत होती. कुणी येणार नाही आणि आपण मात्र चौकटीला टेकून वाट बघतो आहोत. "मेल पाठवू नकोस," ती म्हणाली. "राहू दे तुझ्याकडे. ती तशी घडलीच नव्हती."

"म्हणजे? नळ?"

"नळ होता. बाकी वेगळं होतं."

"कसं होतं?"

वर्गातली माणसं जिना चढून येऊ लागली होती. प्रफुल्ल वरून डोकावून गेले. अक्षदा वाट बघत होती, आणि सुचित्राला जाणवलं की गोष्ट ओठांशी येते आहे, आणि येता येता नीटनेटकी होते आहे. आधी मोरी सांगायची, मग नळाचा आवाज, मग जरा थांबायचं, मग ते वाक्य, आवाज खाली आणून. अक्षदा हेलावली असती. पुढच्या वर्षी पुढच्या लोकांना ती अधिक चांगली सांगता आली असती. तिने तोंड मिटून घेतलं.

"ते नाही सांगता येणार," ती म्हणाली. "चल, वर चल."

त्या दिवशी तिने वर्गाला विषय दिला, झोपायची जागा. उदाहरण दिलं नाही. लोक थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले, कारण उदाहरण यायचंच. मग एकेकाने मान खाली घातली. खोलीत लेखण्यांची कुरकुर सुरू झाल्यावर तिनेही एक कोरा कागद ओढला. सुरुवात वाईट झाली. पहिल्या दोन ओळी त्या जुन्या संध्याकाळींसारख्याच होत्या. तिने त्या खोडल्या. तिसरी आईच्या बोलीत आली, हेंगाडी, तिला स्वतःलाच लाजवणारी. ती तिने राहू दिली. तिच्याखाली आणखी एक आली.  सर्वांनी वाचून दाखवल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तुम्ही पण लिहीत होता. वाचा ना." तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "आज नाही." कुणी आग्रह केला नाही. प्रफुल्लांनी पंखे बंद केले.

खाली उतरून ती फुलबाजाराच्या बाजूने चालत निघाली. पुलाखाली झेंडूचे ढीग पडलेले, माणसं त्यातून वाट काढत होती. पर्समधला फोन वाजला. नलू होती. सण नव्हता. सुचित्राने घाईने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," नलू म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली. "तू गेल्यावर मला रात्री झोपच लागली नाही. ते मी तुला हसू आल्याचं सांगितलं ना, टॅक्सीतलं. ते तसं नव्हतं. मी हसले नाही. गिरगावात पोचेपर्यंत रडत होते. ह्यांना वाटलं मला हे लग्नच नको होतं. पुढे कितीतरी दिवस त्यांना तसंच वाटत होतं. मी कधी सांगितलंच नाही त्यांना, कशासाठी ते."

सुचित्रा उभी राहिली. लोक तिला वळसा घालून जाऊ लागले.

"हे तू लिहू नको हां," नलू म्हणाली.

"नाही लिहिणार."

"आणि वर्गात पण नको."

"नाही गो." तिने विचारलं, "मग मला का सांगितलंस?"

पलीकडे भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"सांगावंसं वाटलं कुणाला तरी," ती म्हणाली. "बरं, ठेवते. भात लागेल खाली."

फोन बंद झाला. सुचित्राने तो कानाला तसाच धरून ठेवला. डोक्यावर फुलांचा हारा घेतलेली एक बाई मागून म्हणाली, "ओ ताई, जरा सरका ना." ती सरकली आणि पुलाच्या खांबाशी, गर्दीच्या कडेला, उभी राहिली.